अकरावी फोड

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, माय गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून होतो तरी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

मागच्या फेब्रुवारीत माझा भाऊ गजू शेंदूरजनाघाटहून अकोल्याला माझ्याकडे आला होता. आम्ही जुळे. तो माझ्याहून दहा मिनिटांनी मोठा, आणि त्या दहा मिनिटांचा मान त्याने जन्मभर उलटा दिला — आधी मला. संत्रं सोलून अर्धं-अर्धं करताना एखादी फोड उरली, तर ती माझी. ‘धाकल्याची,’ म्हणायचा.

दुपारच्या खेळाला आम्ही एक विनोदी पिक्चर पाहायला गेलो. कमरेशी जोडलेले दोन भाऊ, चार बाह्यांचा एकच सदरा. एक उजवीकडे निघाला की दुसरा फरफटत मागे. थंडगार अंधार होता, आणि गजूच्या सदऱ्याला आमच्या संत्र्याच्या बागेतल्या बहराचा वास येत होता. मला वाटू लागलं, पडद्यावर आम्हीच आहोत — की आम्ही इथे खुर्चीत बसलोय हेच कुणाला तरी पडलेलं स्वप्न आहे?

मग तो प्रसंग आला. दोघं कॉलेजात जातात. कारकून म्हणतो, फॉर्म एक, जागा एक, तुम्ही दोघं कसे? तर ते म्हणतात, आम्हाला तोडून दाखवा! अख्खं थिएटर खो-खो हसलं. गजू सगळ्यांत जास्त. डोळे पुसत माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, ‘‘असं चिकटून जलमलो असतो तं आपुन दोघंबी शिकलो असतो बे!’’

मी हसलो का? हसलोच असेन.

आता सांगतो — गोल गोल फिरून तरी किती फिरणार?

बारावीचे पेपर संपले त्या आठवड्यात बागेत मृगाच्या बहराच्या संत्र्यांची तोड चालू होती. बाबा म्हणाले, ‘‘एक जन अमरावतीले शिकाले जा, एक जन बागीत राहा. माह्याच्यानं एकट्यानं होत नाही. तुमचं तुमी ठरवा.’’ आम्ही ठरवलं, संत्र्यावर. फोडी सम निघाल्या की एक, विषम निघाल्या की दुसरा. अमरावती कुणाची, ते संत्रं सांगेल.

संत्रं आणायला मी गेलो. संत्र्याच्या देठाची हिरवी टिकली नखाने उचलली की खाली बारीक ठिपके दिसतात, गोल मांडलेले. जेवढे ठिपके तेवढ्या आत फोडी. हे मला एका तोडणाऱ्या म्हाताऱ्याने दाखवलं होतं. गजूला माहीत नव्हतं. मी ठिपके मोजले — अकरा. टिकली थुंकी लावून परत चिकटवली, आणि आलो.

तो म्हणाला, ‘‘तू आधी बोल. तू धाकला.’’

मी म्हणालो, विषम.

त्याने सोललं, मोठ्याने मोजलं, आणि अकरावर मला उचलून गरगर फिरवलं. तो आनंदाने ओरडत होता. तो — मी नाही.

निकाल नंतर लागला. गजूला माझ्याहून चौदा मार्क जास्त होते. ती मार्कशीट त्याने घडी करून मायच्या ट्रंकेत टाकली आणि माझी ट्रंक अमरावतीच्या बसवर चढवली. आज आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट म्हणून माझा फोटो गावातल्या घरात लावलेला आहे. त्याच्यावरची धूळ गजूच पुसतो. मला त्या पदवीचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू? अभ्यास मी खरा केला. पण तिथे बसलो कसा?

एवढंच असतं तर म्हटलं असतं, पोरवय होतं. एवढंच नाही.

त्या पिक्चरच्या मध्यंतरात गजूने खिशातून लपवून आणलेलं संत्रं काढलं. दिवे लागले होते. ‘‘पाह्य, एक गंमत दाखोतो,’’ म्हणत त्याने टिकली नखाने उचलली. ‘‘हे ठिपके मोज. जेवढे ठिपके तेवढ्या फोडी! मले तं मागच्या साली एका बेपाऱ्यानं दाखोलं. इतके वर्सं बागीत घातले, अन् मलेच माईत नाही.’’ मग त्याने माझ्याकडे पाहिलं — नुसतं पाहिलं. ‘‘तुले माईत होतं का बे हे?’’

सांगायला यापेक्षा सोपी जागा कुठली मिळाली असती? शेजारी भाऊ, हातात संत्रं, आणि प्रश्नही त्यानेच विचारलेला.

मी म्हणालो, ‘‘नाही बा.’’

‘‘मलेबी वाटलंच,’’ म्हणाला, आणि सोलायला लागला. अकरा निघाल्या. पाच त्याने स्वतःला ठेवल्या, सहा माझ्या तळहातावर ठेवल्या. दिवे पुन्हा मालवले. पडद्यावर ते दोघं एकाच सदऱ्यात धावत होते.

सहावी फोड मी खाल्ली. गोड होती.