जीपचा तळ आणि ठमाबाईंचा पाय

कळंबच्या फाट्यावर अमजदचं वेल्डिंगचं दुकान आहे. चार लोखंडी खांब, वर पत्रे, तिन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या. बोर्ड मात्र दणकट होता. भंगारातल्या ट्रकच्या फाळक्याचा जाड पत्रा, त्यावर लाल ऑइलपेंटनं नुसतं ‘अमजद’. पुढं वेल्डिंग लिहायचं राहिलं का, असं कुणी विचारलं की तो म्हणे, “ठिणग्या दिसत न्हाईत व्हय?”

तीस वर्षांत पत्र्याची एक गोष्ट त्याला कळली होती. पत्रा म्हातारा होतो तो आधी आवाजानं. नव्या पत्र्यावर बोट वाजवलं की तो उत्तर देतो, जुना नुसता ऐकून घेतो. रामहरी आबांची जीप गेली दहा वर्षं नुसती ऐकून घेत होती. तिच्या अंगावर कंपनीचा पत्रा थोडा आणि अमजदचे टाके जास्त.

त्या सकाळी जीप आली ती आबांच्या बायकोची, ठमाबाईंची, तक्रार घेऊनच. आदल्या दिवशी बारामतीहून परतताना काटेवाडीजवळच्या गतिरोधकावर गाडी आपटली, तळाची चीर फाकली आणि ठमाबाईंचा उजवा पाय घोट्यापर्यंत खाली गेला. पाय वर आला, चप्पल रस्त्यावर राहिली. आबांना हे दोन किलोमीटरनंतर कळलं, कारण जीपच्या आवाजातून बायकोचं ओरडणं वेगळं काढता येत नव्हतं.

“दुपारी भंगारवाला यायचाय हितं,” आबा म्हणाले. “त्याच्या आधी ती यील. तळावर पाय आपटून बघणार हाय. टिकला तर गाडी ऱ्हायली, न्हाय तर तराजूत.”

अमजदनं जीपकडे पाहिलं. त्यानं कितीतरी दुपारी या जीपखाली उताणं पडून काढल्या होत्या. भंगाराच्या तराजूत टाक्यांचं वेगळं वजन होत नाही.

त्यानं सीट काढली, चीर खरवडून मोकळी केली. दीड वीत होती. मग ड्रिल घेऊन त्यानं तिच्या दोन्ही टोकांना एकेक भोक पाडलं.

“आरं, मी चीर बुजवाया आणली आन् तू भोकं पाडतूस?”

“आबा, चीर धावती आसती. टोकाला गोल भोक पाडलं की तिला म्होरं वाट घावत न्हाय. मग बांधायची.”

मग तो टाके घालू लागला. एक इकडे, एक तिकडे, मधे थांबून निवू द्यायचं. घाई केली की पातळ पत्रा जळतो. आबांचा जीव खालीवर होत होता.

“गोधडी शिवतूयास का?”

तेवढ्यात करिमाचा, अमजदच्या बायकोचा, फोन आला. जनरेटरच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून तो रस्त्यापलीकडे गेला. आबा जीपपाशी एकटे उरले. चाळीस वर्षं उसात गेलेला माणूस. तापलेलं काही दिसलं की त्यांचा हात पाण्याकडे जाई. तळ लालसर दिसत होता. कोपऱ्यात पाण्याची घागर होती. आबांनी ती अर्धी ओतली.

वाफ उठली आणि टक् असा आवाज झाला.

अमजद धावत आला. टाके उकलले होते. चीर भोकाला वळसा घालून हातभर पुढं गेली होती आणि पत्र्यानं पापडासारखी कड उचलली होती.

“निवंना म्हून जरा पाणी दिलं,” आबा हळूच म्हणाले.

“आबा, ह्यो ऊस हाय का?”

आता तेवढा भाग कापूनच काढायचा होता. तिथं बसवायला जाड पत्रा हवा, आणि दुकानात खिडक्यांचे गज नि पन्हाळीचे पातळ तुकडे. इंदापूरला जाऊन यायला वेळ नव्हता. अमजदनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग स्टूल घेऊन त्यानं बोर्ड खाली काढला.

“आरं आरं, त्ये तुजं नाव हाय!”

“पत्रा हाय त्यो. तुमी लिंबाखाली बसा. घागर हितंच ऱ्हाऊ द्या.”

त्यानं कडेचा रंग घासला, पत्रा मापात कापला, रंगीत बाजू वर ठेवून बसवला आणि सावकाश टाके घातले. असं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. शेवटी त्यानं बोट वाजवलं. पत्र्यानं उत्तर दिलं.

ठमाबाई दुधाच्या टेम्पोतून उतरल्या, पायात नवी चप्पल. पदर खोचून त्यांनी उजवा पाय उचलला आणि तो हवेतच थांबला.

“ह्ये काय लिवलंय?”

“बोर्डाचा पत्रा हाय काकी. जाड हाय. आपटा जोरात.”

“तुजं नाव हाय की रं!”

“आसू द्या की.”

“आसू द्या कसं? माणसाच्या नावावर पाय दिऊ व्हय?” त्यांनी पाय मागं घेतला, वाकून पत्र्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

“मी रंग खरवडतो. दोन मिन्टं.”

“जित्या माणसाचं नाव खरवडतूस? करिमाला काय सांगू मी?”

“अगं, पण तू म्हनलीस पाय आपटणार—” आबा म्हणाले.

“तुमी गप ऱ्हावा. हितं वल कशानं झाली?”

आबा लिंबाकडे बघू लागले.

भंगारवाला तराजू घेऊन आला तेव्हा ठमाबाई परत बसवलेल्या पुढच्या सीटवर मांडी घालून बसल्या होत्या, चपला मांडीत. “माघारी जावा,” त्या म्हणाल्या. “चालती गाडी हाय ही.”

जीप अजून फाट्यावरून जाते. ठमाबाई तशाच बसतात आणि शेजारी बसेल त्याचेही पाय वर घ्यायला लावतात. दुकानावर आता बोर्ड नाही, तारेचे दोन आकडे तेवढे लोंबतात. मध्यंतरी आबा एकटेच थांबले, तेव्हा अमजदनं विचारलंच.

“टाका टिकलाय न्हवं?”

“कुनाला ठावं? ती कुनाला पायच ठिवू दिईना.”

अमजदनं इकडेतिकडे पाहिलं, उजवी चप्पल काढली आणि आत पाय घातला. लाल अक्षरांच्या वीतभर वर तो पाय थांबला. खाली काही जाईना.