दफ्तरीकाकांनी मढवलेली दारं

उघड्या लाकडाचा आमच्या दफ्तरीकाकांइतका मोठा वैरी उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. अकोल्याच्या कचेरीत ते रजिस्टरं बांधायचं काम करत, म्हणून सगळे त्यांना दफ्तरी म्हणत. दिवसभर सरकारी कागदांना जिल्द चढवून माणसाचं मन भरायला हवं, पण काकांचे तिथं फक्त हात मोकळे व्हायचे, खरं काम घरी आल्यावर सुरू होई. छत्रीची मूठ, पंचांग, काड्यापेटी, आरशाची पाठ, रेशनकार्ड, जे म्हणून क्षणभर हलायचं थांबेल त्याला काका कागद नाहीतर कापड चिकटवत. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, तेव्हा मी अमरावतीहून बदली होऊन त्यांच्या शेजारच्या खोल्यांत राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात माझं शाळेचं हजेरीपुस्तक त्यांनी न विचारता नेलं आणि बक्रमचं लाल जाड कापड चढवून परत आणून दिलं. मी आभार मानू की रागावू या विचारात असतानाच म्हणाले, "मास्तर, तुमच्या पोरायची नावं उघडी पडून राह्यली होती. बरं दिसत नाई ते."

पण काकांचा खरा जीव होता स्वयंपाकघरातल्या भिंतीच्या कपाटावर. त्याला चार दारं होती, दोन वर, दोन खाली. लाकूड कसलं होतं देव जाणे, कारण ते कोणी पाहिलंच नव्हतं. दरवर्षी दसऱ्याच्या आधी काका मैद्याची खळ शिजवत, कसर लागू नये म्हणून तीत विषारी मोरचूद टाकत आणि चारही दारांना नवा पोशाख चढवत. कधी लाटालाटांचा अबरी कागद, कधी फुलाफुलांचं मेणकापड, वरून वॉर्निश. ते वाळेपर्यंत दाराला हात लावायची काकूंना बंदी असे. ते दोन दिवस त्यांचं मीठ, तिखट, तेल सगळं आमच्या घरून जाई. एका वर्षी तर फुलांची वेल मधोमध तुटू नये म्हणून काकांनी वरच्या दोन्ही दारांवरून एकच अखंड कापड चिकटवलं आणि शांतपणे कचेरीत निघून गेले. डाळ आत, काकू बाहेर. संध्याकाळी येऊन त्यांनी पात्याने बरोबर मधली रेघ कापली, पण कापताना त्यांचा चेहरा असा झाला होता की काकूंना रागावताही आलं नाही. माझ्या बायकोला त्या म्हणाल्या, "यायले लेकरूबाळ नाई झालं ना, म्हणून दारं सजवून राहतात." मग थोडं थांबून, "एखाद्या दिवशी मलेबी जिल्द चढवतीन."

दारं वाळली की काका काकूंना समोर उभं करत आणि विचारत, "कसं दिसते?" काकू म्हणत, "छान दिसते." एवढ्यावर त्यांचा वर्षभराचा शीण जाई.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतो आहे, त्या वर्षी त्यांनी दारांना गर्द हिरवं मेणकापड लावलं होतं. दारांच्या पसंतीचा कार्यक्रम आटोपून काका आणि मी त्यांच्याकडेच जेवायला बसलो होतो. रविवारची दुपार होती. ताटात भात होता, भातावर काकूंनी कढी वाढली. मी घास कालवला तेवढ्यात काकांनी पहिला घास तोंडात घातला आणि तसाच अंगणात धावत जाऊन थुंकला. परत येऊन त्यांनी माझं ताट ओढून घेतलं. "हात धुवा, मास्तर. जेवू नका." कढी हिरवट दिसत होती. कढीला लावायला काकूंनी वाटीत बेसन कालवून ठेवलं होतं. शेजारीच उरलेल्या खळीची वाटी होती. बेसन तसंच राहिलं होतं आणि खळ, मोरचुदासकट, कढीत गेली होती.

काकांनी दोन्ही वाट्यांकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "काहून वं, तुले दिसत नाई काय?"

"दिसते ना."

"दारं कोन्त्या रंगाची हायेत सांग."

काकू दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "लाल असतीन."

"कधीपासून?"

"मांगच्या होळीपासून. समोरचं थोडंसं दिसते, बाजूचं नाई दिसत."

"मले सांगतलं काहून नाई?"

"तुमी इतके खूश होऊन विचारता," काकू म्हणाल्या. काका तिथंच जमिनीवर बसले. आज सगळे वाचलो ते काकांच्या जिभेमुळे.

अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीही सोबत गेलो होतो. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार दिवस राहणार नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. परतताना एसटी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा काकूंनी चहा मागितला. काकांनी तो बशीत ओतून, फुंकून त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोरचुदाची पुडी नेऊन परसात खोल पुरली. खळीचं भांडं फेकून दिलं. पाच-सहा महिने काकांच्या घरी कशालाच काही चिकटलं नाही, आणि तोवर काकूंची नजर पुरती गेली. चटके बसून त्यांची बोटं काळी पडली होती. मिठाऐवजी सोडा, तेलाऐवजी रॉकेल, असं होता होता वाचत होतं. माझी बायको मदतीला गेली तर काकू तिला परत पाठवत. "हात हायेत ना मले," म्हणत.

मग एका सकाळी काकांनी कपाटावर गरम पाण्याची फडकी मारायला सुरुवात केली. वीस-बावीस वर्षांचे थर सोलून निघाले. खालचं लाकूड साधं आंब्याचं होतं. त्याच्या एका दाराला त्यांनी गोणपाट चिकटवलं, दुसऱ्याला गुळगुळीत रेक्झीन, तिसऱ्याला स्वतःचा लोकरी कोट कापून, चौथ्याला जुन्या धोतराच्या उभ्या चुण्या. गोणपाटाआड तिखटमीठ, रेक्झीनआड पीठ, लोकरीआड तेल, चुण्यांआड डाळी. खळीत या वेळी फक्त मैदा होता. इतकं कुरूप कपाट अकोल्यात दुसरं नसेल. कचेरीतले लोक मुद्दाम बघायला येऊन तोंड लपवून हसून गेले. काका डोळ्यांवर पंचा बांधून चार दिवस स्वतः स्वयंपाक करत होते. पाचव्या दिवशी त्यांनी काकूंचा हात धरून तो एकेका दारावर ठेवला. काकू लोकरीपाशी थांबल्या. "तुमचा कोट फाडला?"

"आता थंडी नाई वाजत मले," काका म्हणाले.

त्यानंतर काकूंच्या कढीची चव बिघडली नाही. काकांना मात्र थंडी वाजत असे, ते मला दिसायचं.

दोन वर्षांनी कचेरीतच, रजिस्टर शिवता शिवता काका गेले. काकूंना त्यांचा भाऊ हिवरखेडला घेऊन गेला. घर भाड्याचं, त्यामुळे दारं तिथंच राहिली. सुट्टीत मी भेटायला गेलो तेव्हा काकू ओसरीच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. भावाचं घर चांगलं होतं, भावजयही चांगली होती, पण स्वयंपाकघरात कोणी त्यांना येऊ देत नव्हतं. मी विचारलं, "काकू, काही हवंय का?"

"पानी प्याचं होतं मास्तर. राहू द्या. येईन कोनीतरी."

मी पाणी दिलं. मग भावजयीला विचारून मैदा आणि जुनं गोणपाट घेतलं, खळ शिजवली आणि काकूंच्या कोपऱ्यापासून माठापर्यंत भिंतीवर हाताच्या उंचीला गोणपाटाची पट्टी चिकटवत नेली. मला त्यातलं काही येत नव्हतं. काकू उठल्या, पट्टीवर बोटं टेकवत माठापर्यंत गेल्या, पाणी प्यायल्या आणि तशाच परत आल्या.

"वाकडी झाली," त्या म्हणाल्या.

"हो काकू."

"असू द्या."

त्या पावसाळ्यात त्या गेल्या. पट्टी भिंतीवर राहिली की कोणी काढली, हे विचारायला मी पुन्हा हिवरखेडला गेलो नाही.