पुढच्या एक्सलमधली चूक

एविंदुरच्या गुडघ्यांनी चाळीस वर्षं शेडमधली गार फरशी सोसली. आमच्या गावात कुणाला बर्फात चालवायला जीप उंच करून मोठी चाकं बसवायची असली, की गाडी त्याच्याच दारात. लोक चाकांच्या उंचीवर भाळायचे आणि तो वैतागायचा. "चाकं कुणीही लावेल. ती फिरवणार कोण, तुझा बाप?"

खरंच होतं त्याचं. चाक मोठं झालं की इंजिनाचा दम कमी पडतो. मग पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलमधले, म्हणजे चाकांच्या आसांमधले, गिअर बदलावे लागतात, आणि दोन्हीकडे दातांचं प्रमाण एकच लागतं. नाहीतर पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरंच.

या हिवाळ्यात आमच्या बचाव पथकाची गाडी त्याच्याकडे होती. पथकासाठी दरवर्षी नववर्षाचे फटाके विकतो, त्या पैशांतून आम्ही चव्वेचाळीस इंची टायर आणले होते. एविंदुर सहासष्ट वर्षांचा. बायको गेल्यापासून कॉफी आणि सुक्या मासळीवर दिवस काढायचा. त्यात मी माझीही जीप त्याच्या गळ्यात मारली. "तुझी तेवढी शेवटची," तो म्हणाला. चेहरा पार उतरला होता. मला दिसलं होतं, तरी मी किल्ली ठेवून आलो.

पथकाची गाडी मिळाल्यावर तिसऱ्या संध्याकाळी आम्ही पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बसलो होतो. गावाचं सगळं तिथेच ठरतं. दुसऱ्या दिवशी पथकाचे आठ जण सरावाला हिमनदीवर जाणार होते.

पथकप्रमुख सोलरुन म्हणाली, "बर्फात झकास चालते. पण पुढच्या चाकांनाही इंजिन जोडून डांबरावर आणली की हिसके देते."

"नवं काम आहे, रुळेल," पाद्रीबाबा म्हणाले.

"तू चालवतेस म्हणून हिसके देते!" मी म्हटलं. सगळे हसले. एविंदुर हसला नाही.

"उद्या ती गाडी वर न्यायची नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. "पुढच्या एक्सलमध्ये मी याच्या जीपसाठी आणलेले गिअर घातलेत, दातांचं प्रमाण वेगळं. बर्फात चाकं घसरतात म्हणून कळत नाही. हिमनदीवर मधेच काहीतरी तुटलं असतं."

गप्प बसला असता तर खापर चालवणाऱ्यावर फुटलं असतं. हे त्या कुंडातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"अरे, थकला होतास तर सांगायचं ना," सोलरुन म्हणाली.

"सांगितलं की. रोज सांगितलं."

माझी मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशीचा सराव रद्द झाला आणि मी शेडमध्ये गेलो. एक्सलमधला गिअरचा जड गोळा त्याला उचलेना. तो स्टुलावर बसून सांगत राहिला आणि मी गाडीखाली आडवा पडून जोडत राहिलो. दुपारी काम झालं. त्याने टायरवर खडूची रेघ ओढली. आता इंजिनाकडून एक्सलकडे येणारा दांडा हाताने फिरवायचा आणि चाकाच्या एका फेऱ्याला त्याचे किती फेरे होतात ते मोजायचं. आधी मागे, मग पुढे; दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. तो वाकला, मोजू लागला, मधेच थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला.

मग त्याने खडू माझ्या हातात दिला.

"तू मोज. माझ्या आकड्यावर आठ माणसं वर पाठवायची मला भीती वाटते."

मी मोजायला बसलो. त्या शेडमध्ये आजवर दुसऱ्या कुणी मोजलं नव्हतं.