नऊ दमांचा चढ

चाचांनी कुठलंही अंतर मैलात किंवा किलोमीटरमध्ये सांगितलेलं मला आठवत नाही. ते दमात सांगत. साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून बोगद्यापर्यंत किती दम, बोगद्यातून पलीकडे परळीच्या अंगाला उतरलं की कुठे सायकल आपली आपण पळते, आणि खालून बोरण्याचा घाट चढायचा तर किती दम, हे त्यांना तोंडपाठ होतं. बोरण्याचे नऊ. एक दम म्हणजे सायकलवर टांग मारल्यापासून छाती भरून येऊन खाली उतरावं लागेपर्यंतचं अंतर. हे माप कुठल्याच सरकारी पुस्तकात नाही, पण आमच्या कचेरीत कित्येक वर्षं तेच चालत होतं.

आमचं खातं तापाचं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण गावोगावी लोक 'तापवाले आले' एवढंच म्हणत. डोंगरातल्या गावांना पंधरवड्याला फेरी मारायची, घरोघरी ताप आहे का विचारायचं, असला तर बोटातून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, भिंतीवर तारीख लिहायची आणि पुढचं गाव गाठायचं. हे सगळं खात्याच्या काळ्या, जड सायकलवर. बहात्तरच्या दुष्काळानंतर मी तिथे कारकून म्हणून लागलो तेव्हा चाचा फिरतीवरचे सगळ्यात जुने कर्मचारी होते. मूळचे पलूसचे, पिंजाऱ्याच्या घरचे. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक, डोक्याला पांढरी टोपी आणि साखळीत अडकू नये म्हणून खाकी पँटच्या उजव्या पायाला सुतळी बांधलेली. ती सुतळी कचेरीतही सुटत नसे.

कुणी किती गावं करायची ते वरून ठरून येई. ती गावं कुठल्या क्रमानं करायची ते मात्र चाचा ठरवत. त्यांना हे काम कुणी दिलेलं नव्हतं, पण सगळे मुकाट्यानं त्यांच्याकडेच जात. महिनाअखेरीला ते कचेरीच्या पायरीवर मांडीवर वही घेऊन बसत आणि एकेकाची वाट आखत. नियम एकच. "चढ भाकरी पोटात असताना करायचा. दिस कलला की फकस्त उतार." म्हणजे सकाळी गार असताना थेट माथ्यावर जायचं, चाळकेवाडी आणि ठोसेघर आधी उरकायचं, मग उतरत उतरत बोरणे, गजवडी, परळी करून परतायचं. परतताना बोगद्याचा चढ उरतोच, तेवढ्यासाठी परळीत चहा घ्यायचा. वहीत गावाच्या नावापुढे दम, पाण्याची जागा आणि सावलीचं झाड असे. घाट उतरताना ते कॅरिअरला करवंदीची फांदी बांधून मागे फरफटत आणत, म्हणजे ब्रेकचे रबर टिकतात. धूळ उडवत येणारी ती फांदी दिसली की गावातल्या बायका दारात येऊन उभ्या राहत.

सपाट मुलखातल्या माणसाला डोंगराची इतकी जाण कुठून आली, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "आमच्या पलूसला बैलगाडी बैल सोडून उभी केली तर दुसऱ्या दिशी हाय तितंच सापडती. हितं आलो आन् कळलं, जमीनबी माणसाला मागं वडती." मग त्यांनी वहीत डोकं घातलं. जास्त बोलण्याची त्यांना सवय नव्हती. दोन वाक्यं झाली की ते थांबत, श्वास घेत, आणि तिसरं वाक्य बहुतेक येतच नसे.

नव्या माणसाबरोबर पहिला आठवडा ते स्वतः जात आणि त्याचे दम मोजत. पाटणकडचा एक तालमीतला गडी आला होता, मांड्या अशा की सायकलच बिचारी वाटावी. त्यानं बोरण्याचा घाट दोन दमांत मारला आणि परत येऊन वहीतला नऊचा आकडा खोडायला सांगितला. चाचांनी खोडला नाही. "तू जाशील रं गड्या दोनात," ते म्हणाले. "पर वाट आखायची ती सगळ्यात थकल्या माणसावर. ताज्या माणसाला कसलीबी वाट चालती." आणखी एक गोष्ट ते सगळ्यांना बजावत. दम संपल्यावर उतरायचं नाही, संपायच्या आधी उतरायचं. आम्हाला वाटे, म्हातारा सगळ्यांची काळजी करतो. तशी तो करतही होता.

मग साहेब बदलले. नवे साहेब सपाट जिल्ह्यातून आलेले, वक्तशीर, स्वच्छ कपड्यांचे, वाईट मुळीच नव्हेत. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडून सगळ्या गावांची स्वच्छ यादी मागवली. मी उमेदवारीत होतो, नोकरी कायम व्हायची होती. माझं अक्षर चांगलं, आणि कारकुनाच्या हाताला जे वळण असतं तेही पक्कं: कुठलीही यादी अकारविल्हे लावायची. तशी लावायला मला कुणी सांगितलं नव्हतं. चाचांच्या वहीवरून गावं उतरवून घेतली आणि अकारविल्हे लावली, खाली दुहेरी रेघ मारली. साहेब खूश झाले. त्यांनी त्याच यादीत गावांपुढे वेळा घातल्या, प्रती काढून वाटल्या आणि सांगितलं की मी जीपनं कधीही येऊन पाहीन, त्या वेळेला माणूस त्या गावात पाहिजे.

गजवडी, चाळकेवाडी, ठोसेघर, परळी, बोरणे. कागदावर किती नीट दिसतं. पण गजवडी खाली, चाळकेवाडी आणि ठोसेघर माथ्यावर, परळी पुन्हा खाली, आणि बोरणे घाटात. म्हणजे सबंध डोंगर एकदा चढून उतरायचा आणि दुपारी चारला, पायांत गोळे आल्यावर, पुन्हा घाट चढायला लागायचं. चाचांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला. मग माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, अक्षर लय देखणं हाय तुमचं. पर ही गावं रांगेत उभी न्हाईत वो. डोंगरावर हायती."

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही साहेबांना सांगा ना, तुमचं ऐकतील." त्यांनी मान हलवली. "मी सांगायला गेलो तर साहेब इचारनार, बाकीच्यांला जमतंय, तुलाच चढ का लागतो?" ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मीच सांगावं असं त्यांना वाटत होतं, हे न कळण्याइतका मी बावळट नव्हतो. पण चूक माझी होती आणि नोकरी कच्ची होती. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात दुरुस्त करून टाकू, असं मी म्हणालो. ते "व्हय व्हय" म्हणाले आणि गेले.

पुढचा महिना आला. साहेबांना जुनाच कार्यक्रम पसंत होता, त्यांनी नुसती तारीख बदलायला सांगितली आणि मी बदलली. मग आणखी एक महिना. तरण्या पोरांनी कुरकुर केली आणि निभावून नेलं. चाचा मात्र अंधार पडल्यावर परत येऊ लागले. काचेच्या पट्ट्यांचा डबा टेबलावर ठेवायच्या आधी ते बाकावर टेकत, आणि मी पोचपावती लिहिण्यात गुंतलेला असे. दर वेळी ठरवायचो, उद्या साहेबांशी बोलायचं. उद्या साहेब दौऱ्यावर असत, नाहीतर त्यांचा मूड ठीक नसे, नाहीतर माझा धीर होत नसे.

तिसऱ्या महिन्यात जीप बोरण्याला गेली. चार वाजून गेले होते, चाचा गावात नव्हते. परतताना घाटाच्या सहाव्या वळणाशी ते दिसले, सायकल आडवी पडलेली आणि स्वतः एका दगडावर टोपी हातात घेऊन बसलेले. काय झालं, असं साहेबांनी विचारलं तर चाचा म्हणाले, "हवा गेलीया." साहेबांनी दोन्ही चाकं दाबून पाहिली. दोन्ही टणक होती.

दुसऱ्या दिवशी मेमो निघाला. नेमून दिलेल्या वेळी गावी हजर नसणे, विचारणा केली असता खोटे कारण देणे. तो मेमो मी टाइप केला. एक अक्षरही चुकलं नाही. चाचांनी तो माझ्याच टेबलाशी उभं राहून वाचला आणि मी दाखवलेल्या जागी सही केली. रागानं एक शब्द बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "खोटं न्हवतं सांगितलं, भाऊसाहेब." मला तेव्हा अर्थ लागला नाही.

मेमोचं उत्तर त्यांनी दिलंच नाही, तेव्हा फिरती त्यांना झेपते का हे पाहायला साहेबांनी त्यांना सरकारी डॉक्टरकडे तपासणीला पाठवलं. तिथून जे आलं ते साहेबांनी दोनदा वाचलं. चाचांची फुप्फुसं लहानपणापासूनच कामातून गेलेली होती. बापाच्या हाताखाली सातव्या-आठव्या वर्षापासून कापूस पिंजलेला, ते सगळे तंतू छातीत बसलेले. भरतीच्या वेळी कसं कुणास ठाऊक निभावलं, आणि पुढे सगळी नोकरी त्यांनी ती छाती लपवून, दम मोजून केली. वहीतले नऊ दम कुणा थकल्या माणसाचे अंदाजानं धरलेले नव्हते, ते त्यांचे स्वतःचे होते. फिरतीवरच्या सगळ्यांच्या वाटा त्यांनी स्वतःच्या छातीवर आखल्या होत्या, म्हणून त्या बाकीच्यांना इतक्या सोप्या जात. डॉक्टरांनी त्यांना कामाला अपात्र ठरवलं.

जायच्या दिवशी त्यांनी खात्याची सायकल धुऊन, साखळीला तेल देऊन आणली. घंटी, पंप, कुलूप, किल्ली, सगळं माझ्या ताब्यात दिलं. मग खाली वाकून पँटची सुतळी सोडली, गुंडाळून खिशात टाकली. वही मागावी असं मला फार वाटलं, पण कुठल्या तोंडानं मागणार?

ते गेल्यावर चार दिवसांनी मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि यादीचं सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंत? डोंगराच्या क्रमानं लावून आणा." मी नेली, त्यांनी सही केली. दोन मिनिटं लागली. माझ्या आयुष्यात मी फार मोठी दुःखं पाहिली नाहीत, पण ती दोन मिनिटं मला अजून उचलवत नाहीत. तीन महिने मी ज्याला भ्यालो ते एवढंच होतं.

नवी यादी लावण्यासाठी मी ती वाट सायकलनं केली होती. बोरण्याच्या घाटाला मला अकरा दम लागले. मी तेव्हा पंचविशीचा होतो आणि माझी छाती शाबूत होती.

दोन-तीन वर्षांनी सांगलीला कामासाठी गेलो तेव्हा परतताना वाट वाकडी करून पलूसला उतरलो. चाचा घराच्या ओट्यावर बसलेले होते, निम्मे झालेले. चहा झाला. साताऱ्याच्या एकेका चढाची त्यांनी माणसाची करावी तशी चौकशी केली. मी बोरण्याचे अकरा सांगितले तर हसले आणि म्हणाले, "खुर्चीवरच्या माणसाला लय न्हाईत." मी निघालो तेव्हा स्टँडपर्यंत सोडायला आलेच. नको म्हटलं तरी ऐकेनात. रस्ता टेबलासारखा सपाट, पण ते थोडं चालून एका भिंतीला हात लावून थांबले. "हितनं स्टँड पाच दम. आदी तीन हुतं."

तिथेच मी सांगून टाकलं. यादीतला तो क्रम माझा होता, साहेबांचा नव्हे, आणि कळूनही तीन महिने गप्प बसलो.

ते भिंतीला टेकून श्वास जमवत होते. मग म्हणाले, "ठावं हाय की. अक्षर वळखतो मी तुमचं." पुन्हा थांबले. "तुमी यादी लपवली, मी छाती लपवली. नोकरी दोघांलाबी पायजे हुती. तुमची ऱ्हायली, लय झालं." त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्यामुळे मला आणखीच कसंतरी झालं.

आम्ही पुढे निघालो. दर वेळी दम संपायच्या जरा आधी ते थांबत आणि मीही थांबे. गाडीत बसलो तेव्हा ते परत निघाले होते. रसवंतीच्या गुऱ्हाळाशी थांबले, तिथून निघाले, पुढे एका लिंबाखाली थांबले. मी खिडकीतून मोजत होतो. गाडी सुटली तेव्हा त्यांचे दोन दम झाले होते, तीन राहिले होते.