टेंटरहुक्स आणि चादरीचा काठ

नवऱ्याला बायपाससाठी आत नेलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. चार तास लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते. दीड वाजला तरी कुणी बाहेर येईना. नाशिकच्या त्या हॉस्पिटलात मी बसत होते, उठत होते, पाण्याच्या मशीनपर्यंत जाऊन पाणी न पिताच परतत होते.

तेवढ्यात अकरावीतल्या एका विद्यार्थिनीचा मेसेज आला, "मॅडम, 'ऑन टेंटरहुक्स' म्हणजे काय?" एरवी मी फोन बाजूला ठेवला असता. त्या दिवशी हाताला काहीतरी चाळा हवा होता. अर्थ पाठच होता: जीव टांगणीला लागणं. त्यातले हुक्स म्हणजे तंबूचे आकडे, असं मी वीस वर्षं वर्गात सांगत आले होते. खात्रीसाठी शोधलं, तर तंबूचा संबंधच नव्हता. टेंटर म्हणजे लाकडी चौकट. धुतलेलं लोकरी कापड आटू नये म्हणून इंग्लंडात ते तिच्यावर ताणून वाळवत, काठ आकड्यांत अडकवून.

"चुकीचं शिकवलं मी," हे बहुधा मोठ्यानेच बोलले.

"क्या हुआ, ताई?" शेजारच्या चाचांनी विचारलं. ते मालेगावचे, त्यांच्या धाकट्या भावाचं ऑपरेशन चाललं होतं. मी सांगितलं तसे ते सरसावून बसले.

"अहो, हे तर आमचं स्टेंटर! रंगाईच्या कारखान्यात मी अकरा साल त्याच मशीनवर होतो. ओल्या कापडाचे दोन्ही काठ पिना धरून ठेवतात. सोडलं की कापड आकसलंच."

माझ्या पिशवीतली नवी चादर त्यांनी मागून घेतली, काठ खिडकीकडे धरला. बारीक भोकांची सरळ ओळ. "बघा, पिनांचे निशान."

मी लगेच त्या विद्यार्थिनीला अर्थ कळवला आणि लिहिलं, 'वहीत तंबू असेल तर खोड.' मग पुन्हा उठले.

अडीचला चाचांना बोलावणं आलं. भाऊ सुखरूप होता. डोळे पुसत ते परत आले आणि माझ्याच शेजारी बसले.

"तुम्ही जा ना त्यांच्याकडे," मी म्हणाले.

"आत्ता कुणाला सोडत नाहीत. तुमचे येईपर्यंत बसतो. आणखी एखादा शब्द सांगा."

मी सांगत राहिले. कोणते शब्द, ते आज आठवत नाही. सव्वातीनला दार उघडलं. "सगळं नीट झालंय," नर्स म्हणाली. मी उठायला गेले. चाचांनी कोपराला धरून मला उभं केलं.