जेवल्यावर धरा

माझ्या नोकरीत चोरांविषयी खबरा पुष्कळ आल्या, पण चोराला आधी जेवू द्या आणि मग धरा, अशी खबर एकदाच आली. बाकीची प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळतात; हे मात्र जसंच्या तसं आठवतं. त्यात चोरीला काहीच गेलं नव्हतं. प्रकरण म्हणाल तर नवरा-बायकोच्या फारकतीचं होतं, आणि पणाला लागलं होतं एका म्हाताऱ्या बाईचं घर. ही दुसरी गोष्ट ध्यानात यायला मला जरा वेळ लागला. नावं कोणाचीच देत नाही. कुंभकोणमचे लोक नावाशिवायही ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

तेव्हा मी तिथल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. देवळांचं गाव असल्यामुळे आमचं रोजचं काम ठरलेलं. यात्रेकरूंच्या हरवलेल्या चपला, यात्रेकरूंच्या हरवलेल्या आज्या आणि लग्नसराईत मंगल कार्यालयातली भांडणं. असल्या एका भांडणाचे जबाब चालू असताना फोन वाजला. हेड कॉन्स्टेबलनं घेतला. जुना फोन, समोरचा नंबर दिसण्याची सोय नव्हती. बोलता बोलता तो उभा राहिला, मग बसला, आणि शेवटी रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे पाहू लागला.

"सार, कुणी बाई आहे. नाव सांगत नाही. देवळामागच्या गल्लीतल्या एका घरात रोज दिवेलागणीनंतर मागच्या भिंतीवरून माणूस चढून येतो म्हणते."

"मग?"

"दोघंच या, मारू नका म्हणते. आणि जेवल्यावर धरा म्हणते."

"कोण जेवल्यावर? आपण?"

"चोर, सार."

खबऱ्याला पैसा हवा असतो, नाहीतर कोणाचा तरी काटा काढायचा असतो. चोराच्या पोटाची काळजी वाहणारा खबऱ्या मी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच साध्या वेशात गेलो. शेजारच्या परसात केळीच्या आडोशाला आम्ही दोघं उभे राहिलो. हेड कॉन्स्टेबल अंगानं भरलेला. केळ त्याला पुरेना.

माणूस आला. चाळिशीचा, नीटनेटका, वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं पांढरं धोतर, गुडघ्यापर्यंत दुमडलेली. चढण्याची सवय होती पण अंगात ते कसब नव्हतं. भिंतीवर बसून त्यानं दम खाल्ला. उतरल्यावर चपला काढून त्यानं एका बाजूला नीट जोडून ठेवल्या. नळावर पाय धुतले. आणि मग घरात न शिरता मागच्या दाराबाहेर धुणं धुवायच्या दगडावर जाऊन बसला.

आतून एक बाई आली. हातात वाढलेलं केळीचं पान होतं. तिनं ते उंबऱ्यावर ठेवलं आणि भराभर मागे सरली. ती पुरती मागे गेल्यावर तो उठला, पान उचललं, पुन्हा दगडावर बसला. पाणी तिनं वरून, लांबून, त्याच्या पेल्यात ओतलं. एक शब्द नाही. तेवढ्यात आतून एका मुलीचा आवाज आला. ती पाढे म्हणत होती. एक चुकला, तर चोरानं तोंडातला घास गिळून बाहेरून दुरुस्त केला.

"भिकारी आहे का, सार?" हेड कॉन्स्टेबल कुजबुजला.

"भिकारी पाढे घेत नाहीत. थांब."

रस्सम झालं, ताक-भात झाला. त्यानं पान उचलून टाकल्यावर आम्ही पुढे झालो. पळाला नाही. "हात धुऊ द्या," एवढंच म्हणाला.

ठाण्यात परतल्यावर मी वर्दी चढवली आणि त्याला समोर बसवलं. पुढचं सगळं तमिळमध्ये चाललं होतं. नाव विचारलं तर गप्प. धंदा विचारला तर म्हणाला, "मी चोर आहे."

पोलिसांना हे इतक्या सहज ऐकायची सवय नसते. "काय चोरलंस?"

तो विचारात पडला. "आज अजून काही नाही."

"आणि याआधी?"

"आठवत नाही, सार. पण चोर म्हणूनच लिहा. दुसरं काही लिहू नका."

एवढ्यात ती बाई आली. बरोबर सत्तरी उलटलेली एक म्हातारी, हातात विणलेला पंखा. म्हातारी बाकावर बसली आणि न बोलता वारा घेऊ लागली. बाई माझ्यासमोर उभी राहिली.

"या माणसाला ओळखता?"

"नाही."

"मग रोज जेवायला वाढता ते?"

"चोर झाला म्हणून काय, भूक लागतेच की."

सराईत गुन्हेगार आणि फिर्यादी एकमेकांचं इतकं सांभाळून घेताना पाहिले की पोलिसानं स्वस्थ बसावं. मी सगळ्यांसाठी कॉफी मागवली, फाईल उघडली आणि वाचत असल्याचं सोंग केलं. माणसं सोंगाला फसतात, पण ही दोघं निराळ्याच गोष्टीला फसली.

ते सांगायला हवं. आम्ही तंजावरकडचे मराठी. मराठ्यांच्या राज्यात आमचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याचे पाहुणे आमची भाषा ऐकून गालात हसतात. त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांसारखी वाटते म्हणतात. इकडे तिचा एक मोठा उपयोग आहे. बाजारात, बसमध्ये, डॉक्टरपुढे, जे कोणाला कळू नये ते आम्ही खुशाल मोठ्यानं मराठीत बोलतो. समोरच्याला कळेल ही शंकाच कोणाला येत नाही. माझ्या छातीवरच्या पट्टीवर तमिळ रिवाजाप्रमाणे एक आद्याक्षर आणि एक नाव, आडनाव नाही, मिशी खात्याला शोभेल अशी. त्या दोघांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बिनघोर सुरुवात केली.

"नाव सांगितलास काय?" बाईनं विचारलं.

"छे! तूही ओळख देऊं नक्को. नवरा म्हणून लिहिलं की वर्ष मोडलं."

"चोर म्हणून लिहिलं तर पोरीस भेटूं देतील काय तुज?"

"ते मागनं पाहूं. पुन्हा पहिल्यापासून वर्ष धरायचं माझ्यानं होणार नाही."

"माझ्यानं तरी कोठें होतंय?"

हेड कॉन्स्टेबलनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तेलुगू का, सार?" मी मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यानं ठरवावं.

अर्ध्या कॉफीत मला सगळं प्रकरण कळलं. दोघं नवरा-बायको. पटत नव्हतं, भांडून भांडून थकली आणि राजीखुशीनं वेगळं व्हायचं ठरवलं. मुलगी आईकडे, बापानं रोज भेटावं, यावर दोघांचं एकमत. वकिलानं सांगितलं, आपसांत घटस्फोट हवा तर अर्जाआधी वर्षभर वेगळं राहायला हवं. नवऱ्यानं शेजारच्या विणकरांच्या गावात, तिरुभुवनमला, खोली घेतली. इथवर ठीक. पण वेगळं राहायचं म्हणजे कसं, हे वकिलाला विचारायचं सोडून घरात विचारलं. आणि घरात त्याचं सोवळं झालं. नवऱ्यानं उंबरा ओलांडायचा नाही. पुढच्या दारानं यायचं नाही. बायकोच्या हाताला हात लागायचा नाही, घरी एकमेकांशी बोलायचं नाही. एक जरी चूक झाली तरी वर्ष विटाळलं, पुन्हा नव्यानं मोजायचं. एकदा पोरीला ताप आला म्हणून तो रात्रभर आत बसला; वर्ष मोडलं. एकदा म्हातारीचा पाय घसरला म्हणून त्यानं तिला उचलून खाटेवर नेलं, तेही मोडलं. वर्षाच्या जागी कितीतरी वर्षं गेली होती आणि वकिलाकडे परत जायची वेळच येत नव्हती.

मी फाईल मिटली आणि घरच्या भाषेत म्हणालो, "असं वर्ष मोडत नसतं."

नवऱ्याच्या हातातला कॉफीचा पेला खाली पडला. बाईनं पदर तोंडावर घेतला. बहुधा आपण मघापासून काय काय बोललो ते आठवत असावी. बाकावरचा पंखा मात्र थांबला आणि म्हातारी पहिल्यांदा बोलली.

"कोणाचा रे तूं?"

मी आजोबांचं नाव सांगितलं. तिनं पट्टीश्वरमला दिलेली माझी आत्या काढली, आत्येची जाऊ काढली, जावेचं तिरुविसनल्लूरचं माहेर काढलं आणि कॉफी निवायच्या आत मी तिचा लांबचा भाचा ठरलो. इन्स्पेक्टर होतो तो 'बाळा' झालो. पुढची चौकशी मला बाळा म्हणूनच करावी लागली, आणि त्या अधिकारात चौकशी करणं फार अवघड असतं.

"हे पाहा," मी दोघांना समजावलं, "वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून संसार न करणं. बाप पोरीला भेटायला आला, दाराबाहेर दगडावर जेवला, मावशींना उचलून खाटेवर नेलं, याला कोणी संसार म्हणत नाही. कायद्यात सोवळं नाही. तुमचं वर्ष कधीच भरलं. पुन्हा नव्यानं मोजायचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

दोघांनी एकदमच बाकाकडे पाहिलं. म्हणजे वारा घेत बसलेली ही बाई कोण ते आता उघड झालं. नवऱ्याची आई. मुलगा खोली घेऊन गेला, ती सुनेकडेच राहिली होती.

"आत्याबाईंनी," सून हळूच म्हणाली. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.

पोलिसाच्या डोक्यात असे धागे आपोआप जुळतात. रोजची वेळ माहीत असलेली बाई. मारू नका म्हणणारी बाई. मी म्हातारीपुढे खुर्ची ओढून बसलो.

"मावशी, काल ठाण्यात फोन कोणी केला?"

"मज काय ठाऊक?"

"चोराला जेवू द्या म्हणाली ती बाई."

"मग काय पोरास उपाशी नेणार होतास?"

इतका चटकन मिळालेला कबुलीजबाब माझ्या सेवेत दुसरा नाही. मुलगा उठून उभा राहिला. "आई! तूं मज धरून दिलीस?"

"काय करूं? या खेपेस तूं कांहीच चुकला नाहीस. दगडावर बसलास तो देवासारखा बसलास. वर्ष भरत आलं होतं." तिचा आवाज बारीक झाला. "पोलिसांनी धरलं तर आणखी एकदां मोडेल, एवढंच माझ्या मनांत. तुमच्या कागदांत पोरीचं लिहिलंय. स्कूटर कोणाची ते लिहिलंय. माझं कोठें लिहिलंय? लेकाकडे जावं तर याची एक खोली, खाली मागांची खटखट, आणि यास भात शिजवतां येत नाही. इथं राहावं तर कोणत्या नात्यानं? कागद जाला की ही माझी सून नव्हे."

मी कायद्याची पुस्तकं वाचलेला माणूस. मुलाचा ताबा, पोटगी, स्त्रीधन, सगळं पाठ होतं. सासू कोणाच्या वाट्याला जाते, ते मला कुठेच सापडलं नव्हतं.

सून तिच्या पायाशी बसली. "आत्याबाई, मी यांस सोडतेय. तुम्हांस कोण सोडतंय?"

मला वाटलं, झालं, प्रकरण मिटलं. तर मुलगा तडकला. "म्हणजे काय? पोरगी तुज दिली, घर तुज दिलं. आई पण तुलाच?"

"भात शिजवतां येतो काय?"

"शिकतो!"

"बीपीची गोळी कोणती, सांग पाहूं."

"पांढरी!"

"दोन्ही पांढऱ्याच आहेत!"

वर्षानुवर्षं पाळलेलं मौन माझ्या टेबलासमोर पुरतं सुटलं. मुलीच्या ताब्यावरून ज्यांचा आवाज कधी चढला नव्हता, ती दोघं म्हातारीच्या ताब्यावरून असं भांडली की पहाऱ्यावरचा शिपाई आत डोकावून गेला. आणि म्हातारी? तिनं पंखा पुन्हा सुरू केला होता. ज्या बाईला तासापूर्वी आपलं घर जाणार याची धास्ती होती, तिच्यासाठी आता दोन घरं भांडत होती, आणि तिला ते थांबवायची मुळीच घाई नव्हती. शेवटी मीच टेबलावर हात आपटला.

"मावशी, तुम्हाला कुठे राहायचंय?"

"जिथं आहे तिथं. पण यानं रोज यावं."

"आणि भिंतीवरून?"

"पडेल एखाद दिवशीं मेला. पुढच्या दारानं यावं."

गुन्हा दाखल केला नाही. 'गैरसमजातून आलेली खबर, चौकशीअंती तथ्य नाही' अशी नोंद करून तिघांना पाठवलं. पुढे अर्ज झाला, घटस्फोट रीतसर मिळाला. अटींमध्ये आई सुनेकडे राहील आणि मुलगा रोज संध्याकाळी भेटेल, असं कलम वकिलानं कुरकुरत का होईना घातलं. असं कलम कोणी घालत नाही, असं तो मला म्हणाला. मी म्हटलं, आधी कोणी विचारलं नसेल.

या प्रकरणानं मला एक सवय लावली. त्यानंतर नवरा-बायकोचं कुठलंही भांडण टेबलावर आलं की मी त्या दोघांचे जबाब घेण्याआधी बाकावर गप्प बसलेलं माणूस शोधायचो. कधी आजोबा असायचे, कधी विधवा आत्या, एकदा तर घराणं सांभाळलेला स्वयंपाकी होता. त्यांच्याबद्दल कागदात काही नसतं आणि घर मोडताना सगळ्यात जास्त तेच घाबरलेले असतात. त्यांना आधी विचारलं की पुष्कळ प्रकरणं सुटतात. निदान खोट्या खबरा तरी कमी येतात.

निवृत्तीनंतर एका संध्याकाळी माझ्या मोबाइलवर फोन आला. आवाज लगेच ओळखला.

"बाळा, तो चोर आतां पुढच्या दारानं येतो. पण पाय न धुतां आंत शिरतो. ये आणि धर."

"मावशी, मी निवृत्त झालो. आता मला कोणाला धरता येत नाही."

पलीकडे क्षणभर पंख्याचा आवाज आला.

"मग नुसता जेवायला ये," म्हातारी म्हणाली.