टबातली वरची रेघ

प्रिय ईरा आणि निहार,

परवा व्हिडिओ कॉलवर मी फोन घेऊन गच्चीत फिरत होते, तेव्हा ईरा एकदम म्हणाली, "आजी, तू एवढी क्लीन असतेस, मग टबच्या आत ती व्हाइट लाइन कसली? पुसत का नाहीस?" मी म्हटलं, "खाऱ्या पाण्याची आहे गं," आणि विषय बदलला. पण प्रश्न बरोबर होता. माझ्या घरात नळाच्या तोटीवरसुद्धा पांढरा डाग राहत नाही. ती रेघ मात्र मी मुद्दाम ठेवली आहे. फोनवर सांगायला गेले असते तर तुमचा बाबा मागून "आई, प्लीज..." म्हणाला असता. म्हणून लिहून पाठवते आहे. तेही मराठीत, कारण यातला एक शब्द इंग्रजीत सापडत नाही.

आधी हे सांगते की असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझी आई मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायची, तेव्हा मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये कंटाळून उभी असायचे. पुढे सगळी नोकरी इथे राजधानीत, मंत्रालयात झाली. तिथे कागद असेल तर गोष्ट घडली, नसेल तर नाही. आजही मी तशीच आहे. तरीही जे पाहिलं ते पाहिलं.

टब तुमच्या बाबानं आबांच्या गुडघ्यांसाठी घेतला, हे तुम्हाला ठाऊक आहे. गरम पाण्याचा, दोन माणसं बसतील एवढा. तो द्वारकेच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत कसा आला, ते मात्र तुम्ही पाहिलं नाहीत. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून दोरखंड बांधून बाहेरून चढवला. सोसायटीचे सेक्रेटरी खालून ओरडत होते, "पूल की परमिशन नहीं है!" आबा वरून म्हणाले, "पूल नहीं है जी, बड़ी बाल्टी है!"

आमच्याकडचं पाणी फार जड. टबात जिथवर पाणी असतं तिथे ते पांढरी रेघ सोडतं. आमच्या टबात अशा दोन रेघा होत्या. खालची, टबात कोणी नसतानाच्या पाण्याची. आणि तिच्या दोन बोटं वर दुसरी... आबा आत बसले की पाणी जिथे चढायचं तिथली. आबा आयुष्यभर सरकारात धरणाकालव्यांचे इंजिनिअर होते. त्या वरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणायचे, "ही माझी हजेरी."

आता फिल्टरबद्दल, कारण सगळं त्याच्यापाशीच घडलं. टबाच्या कडेला एका कप्प्यात तो उभा बसतो. पिठाच्या मधल्या डब्याएवढा, जाड पांढऱ्या कापडाचा, गोल चहूबाजूंनी घड्याच घड्या. निहार, तू त्याला अकॉर्डियन म्हणायचास. आबा त्या घड्यांना निऱ्या म्हणायचे. साडी नेसताना पुढे एकावर एक घड्या घालून पोटाशी खोचतात, त्या निऱ्या. हाच तो शब्द. पाण्यातली घाण या निऱ्यांच्या खोबणीत जाऊन बसते. नुसतं वरून पाणी मारलं तर फिल्टर पांढरा दिसतो, पण आत मळ तसाच. एकेक निरी बोटांनी उघडायची, वरून खाली तिरपं पाणी सोडायचं, मग पुढची. पाण्याचा जोर फार नको, कापड फाटतं.

एकदा आबांनी सर्व्हिसिंगवाल्या मेकॅनिकला त्यांच्या त्या खास हिंदीत समजावलं, "इसको निऱ्या खोलके धोना पड़ता है." तो मान डोलवून गेला. पुढच्या वेळी त्याचा फोन आला. "अंकल, फिल्टर किससे धुलवा रहे हो? निर्या आती है ना टाइम पे?" त्याला वाटलं, निर्या ही आमची कामवाली! आबा इतके हसले की फोन माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून मी निर्याबाई झाले.

दर रविवारी सकाळी आमचा कार्यक्रम ठरलेला असायचा. पंप बंद करायचा, मी फिल्टर बाहेर काढायचा, आबांनी त्या संथ कोमट पाण्यात उतरायचं. मी शेजारी स्टुलावर रबरी पाइप घेऊन. खरं तर गुडघ्यांना तेल चोळून टबात बसायचं नाही, तेलानं फिल्टर चोंदतो, असं मेकॅनिकनं बजावलं होतं. आबा चोरून महानारायण तेल लावूनच यायचे आणि फिल्टर त्यांची चहाडी करायचा. माझं काम संपेपर्यंत ते उठायचे नाहीत. "निर्याबाई, झाल्या का निऱ्या?" मी "झाल्या" म्हटलं की कठडा धरून उभे राहायचे, आणि पाणी धपकन खाली जायचं.

आमच्या गच्चीला लागून गुलाटी आंटींची गच्ची आहे, मध्ये कमरेएवढी भिंत. त्या ऊन खायला आल्या आणि आबा टबात असले की लगेच पाठ फिरवायच्या, आणि पाठमोऱ्याच म्हणायच्या, "भाईसाहब, नमस्ते." आबा पाण्यातून हात जोडायचे. ते त्यांना कधी दिसले नाहीत.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर आबांना शनिवारी हॉस्पिटलमध्ये नेलं, ते परत आलेच नाहीत. त्या रविवारचा फिल्टर धुवायचा राहिला. सगळं आटोपल्यावर तुमच्या बाबानं टब रिकामा केला आणि फिल्टर तसाच वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला.

त्यानंतर रोज सकाळी पडदा सरकवला की समोर तो कोरडा टब. मला तो डोळ्यांसमोर नको झाला. फरीदाबादच्या एका फिजिओथेरपी सेंटरच्या डॉक्टरीणबाईंना तो देऊन टाकायचं मी ठरवलं. बाबालाही ते पटलं. एकदा टब गेला की हा विषय संपेल आणि मी माणसांत येईन, असं मला वाटत होतं.

बाईंना टब चालू स्थितीत बघायचा होता. म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी मी तो घासायला घेतला. व्हिनेगर लावून दोन्ही रेघा काढल्या. वरची निघायला वेळ लागला... पण निघाली. हात फिरवून पाहिलं, गुळगुळीत. मग पाणी भरलं, फिल्टर बसवला, हीटर लावला. रविवारी सकाळी बघते तर पाण्यावर फेस. मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "मैडम, पहले फिल्टर धो लो."

मी पंप बंद केला. फिल्टर काढला आणि स्टुलावर बसले. धुकं नुकतंच विरत होतं, कोवळं ऊन गच्चीत आलं होतं. पलीकडे गुलाटी आंटी मटार सोलत बसल्या होत्या.

"भाभीजी, टेम्पो कब आ रहा है?"

"दोपहर को."

"तो फिर जाने वाली चीज़ को इतना क्यों रगड़ना? वो खुद धो लेंगे."

मलाही तसंच वाटत होतं. मी घाईनं वरच्यावर पाणी मारलं, फिल्टर पांढरा दिसायला लागला तसा पाइप बंद केला आणि फिल्टर बसवायला उठले.

टबातलं पाणी वर आलं होतं.

दोन बोटं. आदल्या दिवशी मीच ते कप्प्याच्या तोंडाच्या मध्यापर्यंत भरलं होतं, आणि मघाशी फिल्टर काढतानाही ते तिथेच होतं. आता सगळीकडून एकसारखं वर चढून ते नुसतं उभं होतं. फेस नाही, तरंग नाही. विमानतळाकडे जाणारं एक विमान आमच्या डोक्यावरून गेलं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, पण पाणी हललं नाही.

मी घाबरले नाही. आधी तपासलं. भरायचा नळ घट्ट बंद. पाइप टबापासून लांब, जमिनीवर. वरून कुठून गळत नाही. फिल्टर माझ्या हातात, म्हणजे पाणी झालंच तर किंचित उतरायला हवं होतं, चढायला नाही. मग मी हाक मारली. "आंटी, ज़रा इधर देखिए. पानी."

त्या भिंतीशी आल्या. "और डाल दिया क्या?"

"नहीं."

त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. हजेरीचं नाही, रेघेचं नाही. त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली, सावकाश पाठ फिरवली, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"भाईसाहब, नमस्ते."

मुलांनो, मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. मोठ्या देवळात गाभाऱ्यापाशी गेल्यावर आपलं बोलणं आपोआप थांबतं ना, तसं काहीसं. पाणी या काठापासून त्या काठापर्यंत शांत होतं, त्यावर ऊन होतं, आणि मधली ती जागा रिकामी नव्हती. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण रिकामी नव्हती.

मी वाट पाहिली. पाणी उतरेना. मग माझं लक्ष हातातल्या फिल्टरकडे गेलं... आणि कळलं. निऱ्या कुठे झाल्या होत्या?

मी परत स्टुलावर बसले. पाइप सुरू केला. पहिली निरी उघडली. आतून काळपट गाळ आला आणि त्याबरोबर महानारायण तेलाचा वास. याचं आश्चर्य नाही, तेल कापडात मुरलेलं राहतं. पण मी रडायला लागले ते त्या वासानं. हॉस्पिटलमध्ये रडले नव्हते, नंतरही नाही. एकेक निरी उघडत गेले, वरून खाली, तिरपं पाणी. मध्ये कुठे थांबले नाही आणि टबाकडेही पाहिलं नाही. गोल फिरून पुन्हा पहिल्या निरीशी आले, तेव्हा खाली पडणारं पाणी नितळ झालं होतं.

गच्चीत कोणी काही विचारलं नाही. मला कसलाही आवाज आला नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर उद्या तुम्ही कथा वाढवाल. मी आपणहून म्हटलं,

"झाल्या."

पाणी धपकन खाली गेलं. मधून कडेकडे एक मोठी लाट आली, पुन्हा आत फिरली, आणि पाणी कप्प्याच्या मध्यावर येऊन डुलत राहिलं. बाहेर एक थेंब सांडला नाही.

"गए?" आंटींनी मागे न वळता विचारलं.

"गए."

आम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंना बसलो. त्यांनी मटारचं ताट भिंतीवर ठेवलं, मीही सोलायला लागले. निम्मं ताट सोलून झालं. मग त्या म्हणाल्या, "मैं तो उनके सामने कभी मुड़ी ही नहीं. आज भी नहीं देख पाई." मी म्हटलं, "मैंने भी कहाँ देखा."

ऊन वर आलं तसा टबाचा आतला काठ वाळला. आणि दोन बोटं वर, जिथे मी व्हिनेगरनं घासून गुळगुळीत केलं होतं तिथे, चहूबाजूंनी एक बारीक पांढरी रेघ उमटली. पाणी तिथवर आलं होतं, इतकंच ती सांगत होती.

मी फरीदाबादला फोन लावला. बाईंना म्हटलं, "टेम्पो मत भेजिए. सॉरी."

"कुछ खराब हो गया क्या, आंटी?"

"नहीं बेटा. चल रहा है."

तुमचा बाबा म्हणतो, हीटरमुळे पाणी फुगलं असेल. गरम पाणी फुगतं खरं, पण दोन बोटं नाही, आणि "झाल्या" म्हटल्यावर उतरत नाही. तो म्हणतो, तू दमली होतीस. होते. पण गुलाटी आंटी दमल्या नव्हत्या. पाणी कुठे झिरपून परत येतं का, हे मेकॅनिकनं सगळं उघडून पाहिलं. त्याला काही सापडलं नाही. त्यानंतरही मी दर रविवारी फिल्टर धुते, एकेक निरी उघडून. पाणी पुन्हा कधी चढलं नाही. मी वाट बघत धुते असंही नाही. फिल्टर धुवायचा असतो म्हणून धुते.

काय झालं ते मला आजही माहीत नाही. तुम्ही डिसेंबरात याल तेव्हा टबात बसा, गुडघे दुखत नसले तरी. तेल लावून बसू नका. आणि आतून हात फिरवताना जपून, म्हणजे ती रेघ पुसली जाणार नाही.

खालची रेघ मी दर महिन्याला व्हिनेगरनं काढते. वरची अजून आहे.

तुमची,
आजी